मेंढीच्या जनुकांवर माणसाचा ठसा

मेंढी आज जशी दिसते तशी ती निसर्गात कधीच नव्हती. तिच्या रानटी पूर्वजाच्या अंगावर राठ, तांबूस-तपकिरी केस होते. त्या केसांखाली हिवाळ्यात आखूड मऊ लव येई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ती आपोआप गळून जाई. शेपूट आखूड, स्वभाव अतिशय बुजरा, आणि पिल्ले वर्षातल्या एका ठराविक ऋतूतच होत. कातरल्याशिवाय न उतरणारी लोकर, लांब शेपूट, बिनशिंगी डोके, पांढराशुभ्र रंग आणि उष्ण प्रदेशांत वर्षभरात केव्हाही होणारी वेते, ही सारी सुमारे अकरा हजार वर्षांच्या पाळणुकीची देणगी आहे. हा इतिहास पूर्वी उत्खननातल्या हाडांवरून आणि जुन्या चित्रांवरून अंदाजाने मांडला जाई. गेल्या पंचवीस वर्षांत तो मेंढीच्या जनुकांमधून वाचता येऊ लागला आहे. त्यातून जे हाती आले त्याचा एक महत्त्वाचा धागा सुंदरबनातून ऑस्ट्रेलियामार्गे थेट सातारा जिल्ह्यातील फलटणपर्यंत येतो.

पूर्वज कोण?

पाळीव मेंढीच्या पूर्वजत्वाचे दावेदार तीन होते: पश्चिम आशियातील मुफ्लॉन, इराणपासून लडाखपर्यंत आढळणारा युरियल आणि तिबेट-मंगोलियाकडील धिप्पाड अर्गाली. भारतीय मेंढ्या युरियलपासून आल्या असाव्यात, असे मत एकेकाळी मांडले जात असे. हा वाद आधी गुणसूत्रांनी आणि नंतर जनुकीय पुराव्यांनी मिटवला. पाळीव मेंढीत ५४ गुणसूत्रे असतात, आशियाई मुफ्लॉनमध्येही तितकीच. अर्गालीत ती ५६ आणि युरियलमध्ये ५८ भरतात. तेव्हा जगातल्या सर्व मेंढ्यांचे, आपल्या दख्खनीचेही, माहेर तुर्कस्तान, सीरिया आणि इराण यांच्या सीमावर्ती डोंगराळ पट्ट्यात आहे.

मध्य तुर्कस्तानातील आशिक्ली ह्यूयुक या ठिकाणच्या उत्खननात माणसाळवण्याची सुरुवात कशी झाली असावी याचे चांगले चित्र मिळते. घरांच्या मधल्या मोकळ्या जागांत लेंड्यांचे दबलेले थर सापडले, म्हणजे जनावरे वस्तीतच कोंडली जात होती. सापडलेल्या हाडांत कोवळ्या वयातील नरांचे प्रमाण मोठे आहे. माद्या राखायच्या, नर खायचे, आणि त्यांतले मोजके तेवढे पैदाशीला ठेवायचे, ही मेंढपाळाची रीत इतकी जुनी आहे. कोणता नर ठेवायचा हे ज्या दिवशी माणूस ठरवू लागला, त्या दिवशी मेंढीच्या जनुकांवर त्याचा हात पडला. शांत, कमी बुजणारा, दावणीला टिकणारा नर मागे राहिला असणार. पाळीव मेंढीचा मेंदू रानटी मुफ्लॉनच्या मेंदूपेक्षा जवळजवळ पाव भागाने लहान आहे, हे त्या निवडीचेच एक फलित मानले जाते.

पश्चिम आशियातून मेंढी सगळीकडे पसरली. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ती महाराष्ट्रात होती. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत शेळ्या-मेंढ्यांची हाडे मिळाली आहेत. युरोपात मात्र हा प्रसार एका दमात झालेला नाही. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंढीच्या जनुकसंचात रुतून बसलेल्या प्राचीन विषाणूंच्या खुणा तपासण्यात आल्या. पहिली लाट केसाळ, आदिम मेंढ्यांची होती आणि नंतरची लोकर देणाऱ्या मेंढ्यांची, असे त्यातून दिसले. पहिल्या लाटेतल्या मेंढ्या आता युरोपच्या कडेकडेला, बेटांवर उरल्या आहेत. कोर्सिका आणि सार्डिनिया बेटांवरचे ‘रानटी’ मुफ्लॉन हे याच पहिल्या लाटेतल्या, पुन्हा रानात गेलेल्या पाळीव मेंढ्यांचे वंशज आहेत. अनेक प्राणिसंग्रहालयांत ते मेंढीचे पूर्वज म्हणून दाखवले जातात, ही गंमतच म्हणायची.

लोकर, रंग आणि शिंगे

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात मंगोलियापासून आयर्लंडपर्यंतच्या ११८ प्राचीन मेंढ्यांचे जनुकसंच वाचण्यात आले. त्यांतले सर्वांत जुने नमुने सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. माणसाने सर्वांत आधी कशाची निवड केली, याचे त्यातून मिळालेले उत्तर अनपेक्षित होते. मांस किंवा दूध यांच्या आधी निवडीची ठळक खूण दिसते ती रंगाशी संबंधित ‘किट’ या जनुकाजवळ. आठ हजार वर्षांपूर्वीच्या मेंढपाळांना पांढरे किंवा वेगळ्या रंगाचे जनावर आवडू लागले होते. ते का, याचे अनेक तर्क आहेत. कळपात ओळखायला सोपे असेल, पूजेत मान असेल, किंवा नुसतेच डोळ्यांना बरे वाटत असेल.

लोकर त्या मानाने उशिरा आली. कातण्याजोगी, सतत वाढणारी लोकर कशामुळे आली याचा मोठा दुवा २०१७ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवला. ‘आयआरएफ२बीपी२’ या जनुकाच्या शेपटाशी दुसऱ्याच एका जनुकाची उलटी नक्कल येऊन चिकटली आहे. ही जोड लोकरी मेंढ्यांत आढळते, केसाळ जातींत आणि रानटी पूर्वजांत आढळत नाही. कुठल्या तरी कोकरात योगायोगाने झालेला तो बदल कोणा मेंढपाळाच्या हाताला मऊ लागला असणार. त्यातून पुढे युरोपातला लोकरीचा व्यापार उभा राहिला.

पांढऱ्या लोकरीला बाजारात भाव आला तो रंगवता येते म्हणून. त्यामुळे मेरिनोसारख्या जातींत काळे कोकरू जन्मले की ते कळपातून काढून टाकण्याची रीत पडली. तरीही काळी कोकरे अधूनमधून जन्मत राहतात, कारण काळेपणाचा वारसा पांढऱ्या आईबापांच्या पोटी दडून पुढे जातो. दख्खनच्या पठारावर याच्या नेमके उलट घडले. इथे घोंगडी न रंगवता विणली जाते, तेव्हा काळ्या लोकरीला मान. एकाच प्राण्याच्या जनुकांना दोन बाजारांनी दोन दिशांना ओढले ते असे.

शिंगांची कथा याहून बोलकी आहे. जगातील ७४ जातींच्या २,८१९ मेंढ्यांचा जनुकीय अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दख्खनी आणि गारोळ या भारतीय जातीही होत्या. निवडीची सर्वांत तीव्र खूण त्यात ‘आरएक्सएफपी२’ या शिंगांशी संबंधित जनुकाजवळ सापडली. बिनशिंगी जनावर सांभाळायला सोपे, म्हणून माणसाने ते मुद्दाम वाढवले. निसर्ग मात्र या जनुकाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. स्कॉटलंडपलीकडच्या सेंट किल्डा बेटसमूहात सोए नावाच्या अर्धरानटी मेंढ्या माणसाच्या हस्तक्षेपाविना राहतात. तिथे मोठ्या शिंगांचे नर माद्यांसाठीच्या झुंजीत यशस्वी ठरतात, तर आखूड शिंगांचे नर अधिक वर्षे जगतात. दोन्ही प्रकारची एकेक प्रत बाळगणाऱ्या नराला झुंजीतही यश मिळते आणि आयुष्यही. परिणामी दोन्ही प्रकार कळपात टिकून राहतात. माणसाने निवड केली असती तर त्यांतला एक कधीच नाहीसा झाला असता.

निवडीची किंमत

२०१२ च्या त्या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष दिलासा देणारा होता. इतर अनेक पाळीव प्राण्यांच्या तुलनेत मेंढीच्या जातींमध्ये जनुकीय वैविध्य भरपूर शिल्लक आहे. याचे श्रेय फिरस्त्या मेंढपाळांना द्यायला हवे. वाटेत भेटलेल्या कळपातला चांगला मेंढा घ्यायचा, आपला द्यायचा, नात्यागोत्यात जनावरांची देवघेव करायची, या सवयीने हजारो वर्षे जातींच्या सीमा पुसट ठेवल्या. बंदिस्त ‘शुद्ध जात’ ही कल्पना अवघी अडीचशे वर्षांची आहे.

ती रुजवली इंग्लंडमधील लेस्टरशायरच्या रॉबर्ट बेकवेलने (१७२५-१७९५). नर आणि माद्या वेगळ्या बांधायच्या, हव्या त्या गुणाचे जनावर त्याच्याच जवळच्या नात्यातल्या जनावराशी जुळवायचे आणि नर विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने द्यायचे, ही त्याची पद्धत. भाड्याने दिलेल्या नराची संतती दूरदूरच्या कळपांत कशी निघते हे त्याला त्यामुळे आयतेच पाहायला मिळे. मेंडेलचे नियम कळण्याच्या शंभर वर्षे आधी हा शेतकरी आजच्या ‘संतती चाचणी’सारखे काही करत होता. त्याची डिशली लेस्टर मेंढी लवकर वाढे आणि तिच्यावर चरबी भरपूर चढे. त्या काळी तेच हवे होते. पुढे चरबीची आवड ओसरली, आणि एकेकाळी इंग्लंडभर मागणी असलेल्या त्या मेंढीचे थेट वंशज आज दुर्मीळ जातींच्या यादीत आहेत.

मेरिनोचे उदाहरण अधिक कठोर आहे. स्पेनने शतकानुशतके जपलेली ही जात अठराव्या शतकात बाहेर पडली आणि १७९७ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचली. कातडी जितकी जास्त तितकी लोकर जास्त, या हिशेबाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे अमेरिकेतील व्हर्माँटचे सुरकुतलेल्या कातडीचे मेंढे आणले गेले. त्या घड्यांमध्ये घाम आणि मलमूत्र साचू लागले, माश्या अंडी घालू लागल्या आणि अळ्या जिवंत जनावराचे मांस खाऊ लागल्या. उपाय म्हणून मेंढीच्या मागच्या भागाची कातडी कापून काढण्याची ‘मुल्सिंग’ ही क्रूर शस्त्रक्रिया रूढ झाली. तिच्याविरुद्धचा वाद अजून शमलेला नाही. सुरकुत्या नसलेल्या मेरिनोची पैदास हा त्यावरचा खरा उपाय. तो आता पुष्कळ कळपांत चालू आहे. निवडीने केलेले नुकसान निवडीनेच भरून काढायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

जनुके वाचता येऊ लागल्यावर तरी असे धोके टळतील असे वाटले होते. ‘स्क्रेपी’ हा मेंढ्यांच्या मेंदूचा जीवघेणा रोग आहे. प्रिऑन जनुकाचा ‘एआरआर’ हा प्रकार बाळगणाऱ्या मेंढ्या त्याला सहसा बळी पडत नाहीत. ब्रिटनने २००१ मध्ये राष्ट्रीय स्क्रेपी योजना सुरू केली आणि रक्तचाचणीने असे मेंढे निवडून पैदास वाढवली. नेहमीच्या स्क्रेपीचे प्रमाण खरोखर घटले. परंतु ज्या छोट्या जातींत एआरआर मुळातच विरळ होता, त्यांतले बहुतेक मेंढे बाद केले तर जातीच उणावतील, अशी भीती होती. शिवाय १९९८ मध्ये नॉर्वेत स्क्रेपीचा एक वेगळा प्रकार ओळखला गेला होता, आणि तो एआरआर असलेल्या मेंढ्यांनाही होऊ शकतो असे पुढे दिसून आले. सगळे कळप एकाच प्रकारच्या जनुकावर आणून ठेवणे किती शहाणपणाचे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

सुंदरबनातील एक अक्षर

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातील सुंदरबनात गारोळ नावाची एक मेंढी आहे. पूर्ण वाढ झाली तरी वजन जेमतेम दहा ते पंधरा किलो. लोकर भरड, मांस थोडे. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती चरते, दलदलीत तिचे खूर कुजत नाहीत आणि जंतांचा उपद्रव ती बऱ्यापैकी सोसते. तिच्या वेताला दोन, तीन कोकरे ही सर्वसाधारण गोष्ट. पैदास शास्त्राच्या कोणत्याही स्पर्धेत तिला बक्षीस मिळाले नसते.

१७९२ आणि १७९३ साली बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या नव्या वसाहतीत नेण्यात आल्या. पुढे मेरिनोच्या लाटेत त्या विरून गेल्या, निदान सर्वांना तसे वाटले. न्यू साउथ वेल्समधील कूमाजवळच्या ‘बुरूला’ नावाच्या कुरणावर सीअर्स बंधू जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या हौसेने राखत होते. १९५८ पासून तेथील जनावरे ऑस्ट्रेलियाच्या ‘सीएसआयआरओ’ या संशोधन संस्थेकडे आली. हेलन न्यूटन टर्नर यांनी त्यांच्यावर काम केले आणि जुन्या नोंदींचा माग काढत मूळ बंगालकडे असावे असे सुचवले. बहुप्रसवता हा अनेक जनुकांचा मिळून झालेला गुण असतो, असा तोवरचा समज. बुरूलामध्ये तो एकाच जनुकाचा खेळ असल्याचे १९८० च्या सुमारास पुढे आले. २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी तो बदल नेमका शोधला: ‘बीएमपीआर१बी’ या जनुकात ७४६व्या जागी ‘ए’ऐवजी ‘जी’. पुढच्याच वर्षी हाच बदल गारोळमध्ये असल्याचे सिद्ध झाले आणि टर्नर यांचा तर्क खरा ठरला. ‘फेकबी’ या नावाने तो आता ओळखला जातो. चीनमधील हू आणि स्मॉल टेल हान या बहुप्रसव जातींतही तो सापडला आहे.

या एका अक्षराने काय होते? अंडाशयातील बीजकोश संप्रेरकांना निराळा प्रतिसाद देतात, लहान असतानाच पक्व होतात आणि एकाऐवजी अनेक बीजांडे बाहेर पडतात. मेरिनोत एक प्रत असेल तर वेतामागे साधारण एक कोकरू वाढते. दोन प्रती असल्या तर दीडेक.

दख्खनीच्या वाट्याला काय?

दख्खनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर ॲग्रिकल्चरल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बनबिहारी निंबकर आणि डॉ. चंदा निंबकर यांनी गारोळचे हे जनुक दख्खनीत आणण्याचे काम १९९० च्या दशकात हाती घेतले. ऑस्ट्रेलियातील न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यात सहभागी होती. गारोळ आणि दख्खनीचा पहिला संकर अंगाने लहान निघतो, आणि लहान जनावराला बाजारात गिऱ्हाईक नसते. म्हणून संकरित जनावरांचा पुन्हा दख्खनीशी, तसेच कर्नाटकातील बन्नूर मेंढीशी संयोग करायचा आणि पिढ्यान् पिढ्या रक्ताच्या थेंबावरून जनुक उतरले की नाही एवढे तपासत राहायचे, असा मार्ग घेतला गेला. नराच्या अंगावर हे जनुक दिसत नाही. ते केवळ चाचणीतच कळते. त्यामुळे प्रयोगशाळेविना हे काम तडीस गेले नसते. यातून तयार झालेल्या वाणाला ‘नारी सुवर्णा’ म्हणतात. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने गारोळचाच वारसा घेऊन ‘अविशान’ हा वाण केला आहे.

पैदाशीचे गणित सोपे आहे. दोन प्रती असलेला मेंढा साध्या कळपात सोडला की त्याच्या प्रत्येक लेकीत एक प्रत येतेच. एक प्रत पुरेशी असते. दोन प्रतींच्या मेंढ्या तिळी देऊ लागतात आणि दुष्काळी मुलखात तिसरे कोकरू सहसा जगत नाही. एकप्रती मेंढ्यांनी मेंढपाळांच्या कळपांत, म्हणजे संस्थेच्या गोठ्याबाहेरच्या खऱ्या परिस्थितीत, वेतामागे साधारण अर्धे कोकरू अधिक दिले. शंभर मेंढ्यांमागे पन्नास कोकरे अधिक, हे लहान आकड्यात दिसते त्याहून मोठे उत्पन्न आहे.

तरीही जनुक आले म्हणून दूध आपोआप वाढत नाही. जुळी कोकरे वजनाने कमी भरतात, आईचे दूध दोघांत वाटले जाते. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक धनगर कुटुंबे दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा चाऱ्याच्या शोधात अन्यत्र निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. रोजच्या मुक्कामात नवजात कोकरे घोड्यावरच्या ओझ्यात घालून न्यावी लागतात. दुप्पट कोकरे म्हणजे दुप्पट राबणूक, आणि ती बहुतांशी वाड्यावरच्या बायांच्या वाट्याला येते. हे वाण ज्यांनी टिकवले ते मुख्यतः एका जागी राहणारे, थोड्या मेंढ्यांना वरचा चारा घालू शकणारे पशुपालक आहेत, याचे नवल वाटू नये.

दरम्यान दख्खनी स्वतःच बदलते आहे, आणि त्याला कोणतीही प्रयोगशाळा कारण नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ७ कोटी ४२ लाखांवर मेंढ्या होत्या आणि महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. मागणी मटणाची आहे. घोंगडीचा खप घटला, सनगरांचे माग थंडावले आणि कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीत निघेनाशी झाली. त्यामुळे मेंढपाळ उंच अंगाचे, कमी लोकरीचे मेंढे कळपात घालतात. सांगली जिल्ह्यातील जत भागातल्या माडग्याळ मेंढ्याला, त्याच्या पोपटासारख्या बाकदार नाकाला, तर हौशी किंमत येते. मेंढपाळाच्या दृष्टीने हा निर्णय पूर्णपणे रास्त आहे. पण काळी, भरड लोकरीची, पठारावरच्या थंडी-वाऱ्यात उघड्यावर तग धरणारी, सुक्या गवतावर मैलोन् मैल चालणारी दख्खनी त्यात पिढीगणिक पातळ होत जाते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे तिची जात म्हणून नोंद आहे. नोंदीने कळप मात्र राखला जात नाही. गारोळचे महत्त्व जगाला कळायला दोनशे वर्षे लागली, आणि तेवढा काळ सुंदरबनातल्या गरीब कुटुंबांनी ती कोणत्याही योजनेविना सांभाळली होती. दख्खनीच्या जनुकांत असे काय दडले आहे, हे अजून फारसे कोणी शोधलेले नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. लोणंदसारख्या बाजारात सर्वांत आधी विकले जाते ते सर्वांत लवकर वाढलेले नर कोकरू, कारण रोख रक्कम त्याच्यावर मिळते. मागे उरतो तो सावकाश वाढणारा. पुढच्या हंगामात कळपात पैदाशीला तोच असतो. कुणी मुद्दाम न करताही ही निवडच आहे, आणि ती उलट्या दिशेने चालते. यावर उपाय फार खर्चिक नाही. चार-सहा वाड्यांनी मिळून जन्माच्या नोंदी ठेवायच्या, जोमाने वाढलेले दोन-तीन नर विकण्याआधी बाजूला काढायचे आणि ते आळीपाळीने वापरायचे. नर राखणाऱ्याला त्याच्या बाजारभावाइतकी भरपाई कोण देणार, इथे मात्र बहुतेक ठिकाणी घोडे अडते.